सपाट बुडाचे बाण

लेम्पीच्या पत्राला ताउनो हाकालानं उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन पाच आठवडे झाले होते. विसरला म्हणावं, तर तसंही नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून त्यानं ते उभं ठेवलं होतं, आणि रोज सकाळी तो राईच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवायला लागला की पत्र त्याच्याकडे बघत बसायचं.

लेम्पी ही विल्होची बायको, आणि विल्हो हा ताउनोचा जवळपास एकुलता एक मित्र. विल्होला जाऊन येत्या नोव्हेंबरात वर्ष होणार होतं. पत्र एका पानाचं, निळ्या शाईतलं.

‘विल्होनं गेल्या साली जुन्या सामानाच्या विक्रीतून एक क्रॉसबो आणला होता, तुला माहीत आहे. त्याला तो चालवायला मिळालाच नाही. माझ्या खांद्यानं आता साधं धनुष्य ओढवत नाही, म्हणून यंदा मीच तो घेऊन शिकारीला बसणार आहे. क्रॉसबोचं नाव नि नंबर खाली उतरवून दिलाय. पुस्तिका नाही. विल्होच्या आधीच्या क्रॉसबोसाठी तू केलेले बाण घरात आहेत, दोन पांढरी पिसं नि एक पिवळं, ते. याला चालतील का? लांबी पुरते का, वजन बसतं का, आणि मागचं टोपण चालतं का, तिन्ही सांग.’

आणि अगदी तळाशी, वेगळ्या पेननं, नंतर सुचल्यासारखी एक ओळ होती. ‘रानातल्या कॅम्पवर कधी कॉफीला ये. विल्हो नाही म्हणून यायचंच नाही असं थोडंच आहे.’

ताउनोनं तीस वर्षं कौंटीच्या वाचनालयाची गाडी चालवली होती. बाण करणं हा त्याचा तळघरातला उद्योग. एका भिंतीला पुस्तकं, दुसऱ्या भिंतीला बाणांच्या काड्या. सरोवराकाठच्या त्या गावातले निम्मे शिकारी त्याच्याकडून बाण करून घेत आणि वर त्याची टिंगलही करत. विल्हो म्हणायचा, “ताउनोला किती वाजले विचारलं, तर तो घड्याळावरचं पुस्तक शोधायला जातो.”

लेम्पीच्या तीन प्रश्नांपैकी दोन सोपे होते. तिसऱ्यापाशी गाडी अडली होती. क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप दाबून सोडायचं धनुष्य. त्याच्या बाणाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढं टोपण बसवतात, त्याला नॉक म्हणतात. सुटलेली दोरी बाणाला ढकलते ती या नॉकवरच. एखाद्या क्रॉसबोला सपाट बुडाचा नॉक लागतो, एखाद्याला अर्धचंद्रासारखी खाच असलेला, म्हणजे दोरी त्या खाचेत बसते आणि वरखाली हलत नाही. विल्होच्या जुन्या क्रॉसबोला सपाट लागायचा, म्हणून ताउनोनं ते बारा बाण सपाट केले होते. नव्यात ते बसणार, दांड्यावरच्या पन्हळीतून सरळ सरकणार, डोळ्याला काही खोट दिसणार नाही. पण दोरी कधीतरी त्या गुळगुळीत बुडावरून वर निसटली, की बाण जागच्या जागी राहतो आणि त्याला मिळायचा सगळा जोर धनुष्यावर उलटतो. याला इकडे रिकामा बार म्हणतात. असा बार ताउनोनं एकदाच बघितला होता, जत्रेच्या मैदानावर. धनुष्याचा एक बाहू तुटून मागच्या कोठाराच्या फळीत घुसला होता. चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आता तीनच बोटं आहेत, आणि तो स्वतःला नशीबवान म्हणवतो.

तेव्हा ताउनोला उत्तर ठाऊक होतं. जवळजवळ ठाऊक होतं. त्या ‘जवळजवळ’नंच घात केला.

पहिला मसुदा त्यानं ‘आदरणीय श्रीमती’ असा सुरू केला आणि स्वतःचीच लाज वाटून फाडला. दुसरा चार पानांचा झाला. त्यात नॉकचा इतिहास आला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या चालीरीती आल्या, उत्तर मात्र कुठं दिसेना. तिसऱ्यात त्यानं लिहिलं, ‘सपाट बहुधा चालणार नाहीत’, आणि ‘बहुधा’ या शब्दावर पेन थांबलं. बहुधा कसं लिहायचं? खात्री हवी. म्हणून त्यानं कंपनीला पत्र घातलं की या नंबरच्या क्रॉसबोची पुस्तिका पाठवा. ती आली की लिहू. शिवाय ती तळाची ओळ होतीच. बाणांचं लिहून कॉफीचं टाळलं तर ते उद्धटपणाचं, आणि कॉफीचं लिहायचं तर काय लिहायचं? बायको गेल्यापासून अकरा वर्षांत त्याला कुणी असं बोलावलं नव्हतं.

मग सप्टेंबरच्या मध्यात, एका ओळखीच्याच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला जमले. वेलचीच्या पावाचे तुकडे, पन्नासेक माणसं, खुर्च्यांचा खडखडाट. लेम्पी किटली घेऊन फिरत होती. ताउनोच्या कपात ओतता ओतता म्हणाली, “तुझे ते बाण चालतील ना रे मग?”

शेजारी चार माणसं बसली होती. ताउनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो म्हणाला, “योओ.”

या भागात येऊन वसलेली फिनिश माणसं दिवसातून शंभरदा योओ म्हणतात. पण योओचे दोन प्रकार. श्वास बाहेर सोडत म्हटलं तर हो. श्वास आत ओढत म्हटलं तर नुसतं ‘ऐकलं बरं का’. विल्होला ताउनोचा आत ओढलेला योओ लांबून ओळखू यायचा. “तो आत ओढतोय तोवर काही ठरलेलं नाही,” असं तो सांगायचा. ताउनोनं तेव्हा आतच ओढला होता. पत्र मिळालंय, लिहितोय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लेम्पी पुढच्या कपाकडे गेली.

ऑक्टोबरची पहिली तारीख शनिवारी आली. धनुष्याच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी उघडतो. सकाळी दहाला ताउनो टपाल कचेरीत गेला, आणि खिडकीमागच्या आर्वोनं, म्हणजे विल्होच्या धाकट्या भावानं, एक जाड पाकीट त्याच्यापुढं सरकवलं.

“घे. कंपनीचं दिसतंय. काय रे, आता शिकारीला निघालास की काय? हरणाला आधी पत्र लिहून कळवशील.”

ताउनोनं तिथंच पाकीट फोडलं आणि पानं उलटली. चौदाव्या पानावर चौकट होती. फक्त अर्धचंद्र नॉक वापरावेत. सपाट नॉक वापरल्यास दोरी बाणावरून निसटून गंभीर इजा अथवा मृत्यू संभवतो. बहुधा हा शब्द त्यात नव्हता.

“आर्वो,” तो म्हणाला, “लेम्पी कुठं आहे?”

“कॅम्पवर. चार दिवस झाले. आज दुपारची दबा धरून बसणार आहे, बीव्हरांच्या तळ्यापाशी. तुझेच बाण घेऊन.”

“माझे कसे?”

“तूच हो म्हणालास ना चर्चमध्ये.”

“मी हो नाही म्हटलं.”

“योओ म्हणालास. मी समोर बसलो होतो.”

“आत ओढला होता.”

आर्वोनं चष्मा खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. “पन्नास माणसं, खुर्च्या सरकतायत, आणि बाईनं तुझ्या श्वासाची दिशा बघायची? ताउनो, तू म्हणजे कमाल आहेस.” मग त्याच्या नजरेसमोर ते चौदावं पान आलं, आणि त्याचा आवाज उतरला. “फोन तिथं लागत नाही. मी बारापर्यंत इथून हलू शकत नाही. तू जा.”

ताउनो निघाला, पण घरी. कुणाला वाटेल हा पुन्हा पुस्तकं उघडायला गेला. तसं नव्हतं. तो क्रॉसबो हँडल फिरवून ताणायचा असतो, आणि ते हँडल दोरी चढवतं, उतरवत नाही, हे त्यानं आताच वाचलं होतं. एकदा ताणला की बाण सोडल्याशिवाय सुटका नाही. लेम्पीनं तो आधीच ताणलेला असला, तर तिला सपाट बाण नको एवढं सांगून भागणार नव्हतं. योग्य बाण हातात हवा होता, आणि तो जगात कुठं तयार नव्हता.

तळघरात त्याच लॉटच्या, पिसं नि सपाट नॉक लावलेल्या तीन काड्या उरल्या होत्या. त्यानं पाणी उकळलं, सपाट नॉक त्यात धरून डिंक सैल केला आणि चिमट्यानं उपटले. खणातून अर्धचंद्राचं पाकीट काढलं. डिंक गरम केला. आता खरं काम होतं. पिवळं पीस खाली पन्हळीत बसलं की अर्धचंद्राची खाच दोरीला अचूक समांतर पडली पाहिजे. ती केसभर जरी फिरली तर अर्धचंद्र सपाटापेक्षा वाईट. पहिला बसवला. बघितला. मनाला पटेना, काढला. घड्याळात अकरा वाजून गेले होते. पुन्हा बसवला. लांबी वीस इंच. तराजूवर चारशे बारा ग्रेन; पुस्तिकेत चारशेच्या खाली नको असं होतं. पुढं सरावाचं साधं टोक. दुसरा. तिसरा. तिसऱ्याची खाच दोनदा तिरकी बसली, तेव्हा त्यानं तो बाजूला ठेवला आणि दोनच घेतले.

रस्ता पाऊण तासाचा. सरोवरावरून धुकं आत आलं होतं आणि त्यात लार्चची झाडं पिवळीजर्द, गाडीच्या दोन्ही बाजूंना. समोर कुणी नाही, मागं कुणी नाही. वळणावर वीसेक डोमकावळे कशावर तरी घिरट्या घालत होते. ताउनोनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. गाडीखाली आलेलं एक हरण होतं.

कॅम्प म्हणजे लाकडी खोली, शेजारी वाफेच्या स्नानाची सौना, बाहेर लेम्पीची गाडी. खोलीला कडी. पायरीवर कॉफीचा कप उपडा. दाराशेजारी गवताचा लक्ष्य-गठ्ठा टेकवून ठेवला होता आणि त्यात चार भोकं. म्हणजे तिनं सराव केला होता. चार वेळा. ताउनोला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. चार वेळा निभावलं की माणसाचा विश्वास बसतो.

तळ्याकडे जाणारी पायवाट त्याला माहीत होती; विल्होबरोबर तो कितीदा गेला होता. पानं ओली होती, पावलांचा आवाज येत नव्हता, आणि तीच पंचाईत होती. ताणलेला क्रॉसबो घेऊन बसलेल्या माणसाकडे मागून मुकाट्यानं जायचं नसतं. हाक मारायला हवी होती. हाक मारावी आणि ती दचकून चाप दाबेल, तर? नाही मारावी आणि समोर हरीण येईल, तर?

तेवढ्यात तळ्याकडून फट्‌ असा आवाज आला. सुकी फळी मोडावी तसा.

तो एका झाडाला धरून उभा राहिला आणि किंकाळीची वाट बघत राहिला. किंकाळी आली नाही. पुन्हा तसाच फट्‌ झाला, आणि मग पाणी उडाल्याचा आवाज. बीव्हर होता. पाण्यातला हा प्राणी चपटं शेपूट पाण्यावर आपटून घरच्यांना सांगत होता, कुणीतरी आलंय.

तो दहा पावलं पुढं गेला आणि फांद्यांच्या आडोशामागं लेम्पीची हिरवी टोपी दिसली. ती ताठ बसली होती. क्रॉसबो काठीच्या टेकूवर, गाल दांड्याला लावलेला. तिच्यापुढं वीस पावलांवर, तळ्याच्या काठी, शिंगांचा नर मान खाली घालून उभा होता. तिचं बोट चापाकडे गेलं.

“लेम्पी,” ताउनो ओरडला. “नको.”

चाळीस वर्षांत तो ओरडला नव्हता. आवाज त्याला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. नर एका उडीत झाडीत गेला. लेम्पीचं बोट चापावरून निघालं आणि ती सावकाश मागं वळली.

“ताउनो हाकाला,” ती म्हणाली, “पाच आठवडे तोंड उघडलं नाहीस, आणि उघडायला ही वेळ सापडली?”

“बोट लांब ठेव.”

“लांबच आहे. चार दिवस मी त्या नरावर पाळत ठेवून आहे.”

“बाण चालणार नाहीत. सपाट आहेत.”

“तू योओ म्हणालास.”

“आत ओढला होता.”

तिच्या चेहऱ्यावर राग, हसू आणि मग दुसरंच काही, असं एकामागून एक येऊन गेलं. “विल्हो सांगायचा मला,” ती हळू म्हणाली. “मला वाटायचं, गंमत करतो.” मग पुन्हा ताठ झाली. “पण चार मारले मी. चारही सरळ गेले.”

“बाकीचे बघू.”

तिनं भात्यातले बाण पुढं केले. ताउनोनं एकेकाचं बूड उजेडाला धरलं. तीन ठीक होते. चौथ्याच्या बुडाची वरची कड घासून पांढरी पडली होती, नखाएवढी. त्यानं तो तिच्या हातात दिला.

“दोरी वर सरकली होती,” तो म्हणाला. “याच्या वेळी अर्धी निसटून परत आली.”

लेम्पी त्या पांढऱ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. तोच अंगठा, जो ती दांड्यावर टेकवून बसली होती.

ताउनोनं क्रॉसबोवरचा बाण दोन बोटांनी पन्हळीतून उचलून घेतला. आता दोरी ताणलेलीच होती आणि समोर काही नव्हतं. दोरीला मध्यभागी जो धागा गुंडाळलेला असतो, तो वरच्या बाजूनं पिंजला होता.

“आता?” लेम्पीनं विचारलं.

“योग्य बाण घालून मातीत सोडायचा. मी केलाय.”

“दे इकडे.”

“नाही.”

“माझा क्रॉसबो आहे.”

“नाही,” ताउनो म्हणाला. “तू त्या झाडामागं जा.”

तिनं भुवया वर केल्या. तीस वर्षांच्या ओळखीत त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द तिनं ऐकला नव्हता. ती गेली, झाडामागं.

ताउनोनं बाण पन्हळीत ठेवला. पिवळं पीस खाली. मागं सरकवला, दोरीला टेकेपर्यंत. खाचेत दोरी बसली का? बसली. त्यानं वाकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं वाकून बघितलं. खाच समांतर होती. होती ना? तळघरात दिवा पिवळा होता, इथं उजेड राखाडी. दोरी पिंजलेली. डिंक अडीच तासांचा. तो आणखी दहा मिनिटं बघत राहिला असता तर आणखी दहा शंका निघाल्या असत्या, हे त्याला कळत होतं. पुढचा हात त्यानं पन्हळीच्या खूप खाली घेतला, अंगठा मुठीत दडवला, शेवाळानं भरलेल्या एका कुजक्या ओंडक्यावर नेम धरला, आणि चाप दाबला.

धप्‌ झालं. ओंडक्यात बाणाचं पिवळं पीस तेवढं बाहेर दिसत होतं.

तो खाली बसला. ओल्या पानांवरच बसला. लेम्पी झाडामागून आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

“मी पत्रानं विचारलं होतं,” ती म्हणाली.

“योओ.”

“हा कुठला? आत की बाहेर?”

ताउनो ओंडक्यातला बाण उपटायला उठला.

“मग उत्तरही पत्रानंच यायला हवं,” ती म्हणाली. “आज कॉफी नाही. तू माझा नर पळवलास. पत्र येऊ दे, मग बघू.” तिनं घासलेल्या कडेचा बाण सोडून बाकीचे सगळे सपाट बाण त्याच्या हवाली केले. तो एक तिनं ठेवून घेतला. कशाला, ते त्यानं विचारलं नाही.

रविवारी तो दिवसभर टेबलाशी बसला. दुपारपर्यंत तीन पानं झाली. ती त्यानं चुलीत घातली. संध्याकाळी एक पान उरलं, त्यात इतकंच होतं:

‘लेम्पी,
तुझ्या ऑगस्टच्या पत्राचं उत्तर.
लांबी बरोबर आहे.
वजन बरोबर आहे.
मागचं टोपण चालणार नाही. सपाट बुडाचा बाण त्या क्रॉसबोत पुन्हा कधीही घालू नकोस. दोरीही बदलून घे, तोवर तो चालवू नकोस. अर्धचंद्राचे सहा बाण करतोय, आठवड्यात होतील.
हे मला सत्तावीस ऑगस्टलाच ठाऊक होतं. लिहिलं नाही, ही माझी चूक.
तळाच्या ओळीचं उत्तर: योओ. श्वास बाहेर सोडून.
ताउनो’

सोमवारी सकाळी तो टपाल कचेरीत गेला. आर्वोनं खिडकीतून पाकिटावरचं नाव वाचलं.

“लेम्पीला? अरे, ती आज दुपारी गावातच येतेय. माझ्याकडे दे, हातात देतो.”

“नाही,” ताउनो म्हणाला.

आर्वोनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि गुपचूप तिकीट फाडून दिलं.

बाहेरच्या निळ्या पेटीचं झाकण ओढून ताउनोनं पाकीट आत धरलं. ‘चालणार नाही’ हे फार तोडून लिहिलं का? ‘कधीही’ नसतं घातलं तर चाललं असतं का? आणि ती शेवटची ओळ. मागं एक बाई आपलं पत्र घेऊन येऊन उभी राहिली होती. ताउनोच्या मनात आलं, पाकीट घरी न्यावं, एकदा नीट वाचून उद्या टाकावं.

त्याला ती नखाएवढी पांढरी कड आठवली. त्यानं बोटं उघडली, आणि पाकीट तळाशी पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत झाकण धरून उभा राहिला.